‘काच फुटली’ ते ‘मी काच फोडली’: मनापासून माफी कशी मागावी

गर्दीच्या बसमध्ये कुणाला चुकून पाय लागला की आपला हात आपोआप त्या माणसाकडे जातो आणि मग आपल्या छातीला लागतो. विचार करावा लागत नाही. ते लहानपणी शिकवलेलं असतं. पण चूक मोठी असली की तोच हात अडतो. आपल्या बाथरूमचं पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या छतात उतरलं, पोळ्या करणाऱ्या मावशींवर नको तो संशय घेतला, मित्राने विश्वासाने सांगितलेलं चारचौघांत बोलून गेलो, अशा वेळी माफी नेमकी कशी मागायची हे कुणी शिकवलेलं नसतं.

पुण्यात शिक्षणाला किंवा नोकरीला नव्याने आलेल्यांना हे जास्त जड जातं. फ्लॅटमेट, सोसायटी, मावशी, मेसच्या काकू अशी सगळी नाती नवीन असतात आणि मध्ये पडून सांभाळून घेणारं घरचं कुणी नसतं. म्हणून हे टप्पे.

१. चूक एका वाक्यात लिहून काढा

बोलायला जाण्याआधी कागदावर एकच वाक्य लिहा: मी काय केलं? मग त्या वाक्याचं क्रियापद तपासा.

मराठीत करणाऱ्याला लपवणं फार सोपं आहे. काच ‘फुटते’, कप ‘पडतो’, सांगायचं ‘राहून जातं’, शब्द ‘तोंडातून निघून जातात’. हे सगळं जणू आपोआप घडलं, घरात माणूसच नव्हता. माफीचं वाक्य याच्या उलट बांधायचं असतं:

- ‘काच फुटली’ नव्हे, ‘मी काच फोडली’.
- ‘तुला सांगायचं राहून गेलं’ नव्हे, ‘मी तुला सांगितलं नाही’.
- ‘जरा आवाज चढला’ नव्हे, ‘मी तुमच्यावर ओरडलो’.
- ‘पैसे द्यायला उशीर झाला’ नव्हे, ‘मी तुमचे पैसे दोन महिने अडकवले’.

उजवीकडचं वाक्य लिहिताना पोटात कालवलं, तर ते बरोबर जमलंय असं समजा. ‘माझं चुकलं’ हे वाक्य चांगलं आहे, पण एकटं पुरत नाही. काय चुकलं ते पुढे आलं नाही, तर समोरच्याला वाटतं की याला अजून कळलेलंच नाही.

२. कुणाकुणाला लागलं ते मोजा

एका चुकीचे धनी बरेचदा एकाहून जास्त असतात. गळती खालच्या काकूंच्या घरात झाली, पण त्यांच्या मुलाची दहावीची पुस्तकं त्याच भिंतीच्या कपाटात होती. नावं लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा की त्याचं काय गेलं: पैसा, वेळ, झोप, की लोकांतली पत. पत गेली असेल तर त्याखाली रेघ मारा. तिची भरपाई सर्वांत अवघड असते आणि नेमकी तीच राहून जाते.

३. काय काय जवळ ठेवायचं

- पहिल्या टप्प्यातलं वाक्य. सोबत नेऊन वाचायचं नाही, पण पाठ असू द्या.
- नुकसानीचे फोटो आणि तारखा. हे आपल्या बचावासाठी नाहीत, नेमकं बोलता यावं म्हणून.
- दुरुस्तीच्या खर्चाचा लेखी अंदाज, जमल्यास दोन ठिकाणचा.
- प्लंबर, रंगारी, मेकॅनिक, जो लागणार असेल त्याचा नंबर आणि तो येऊ शकेल ते दोन-तीन दिवस.
- लागेल तेवढे पैसे. रोख द्यायचे असतील तर पाकिटात घालून.

मिठाईचा पुडा या यादीत मुद्दामच नाही. पहिल्या भेटीला बाकरवडी नेली की समोरच्याला ती घ्यावी लागते, आणि घेतली की रागवायची सोय राहत नाही. पुडा न्यायचाच असेल तर प्रकरण मिटल्यावर न्या.

४. वेळ आणि जागा

आधी विचारा: ‘काकू, पाच मिनिटं बोलायचं होतं, संध्याकाळी कधी येऊ?’ मेसेज पाठवायचा तो एवढ्यासाठीच. माफी मात्र समोर बसून मागायची, आणि ते शक्यच नसेल तर फोनवर.

दुपारी १ ते ४ कुणाचीही बेल वाजवू नका. पेठांतल्या कित्येक घरांत ही आजही आडवं होण्याची वेळ आहे आणि झोपमोड झालेल्या माणसाकडून माफीची अपेक्षा करणं बरं नाही. संध्याकाळी दिवेलागणीनंतर, जेवणाआधी जा. ऑफिसमधलं असेल तर कॅन्टीन टाळा. चहाला बाहेर चालत जाताना बोललेलं बरं पडतं, कारण शेजारी शेजारी चालताना नजर चुकवावी लागत नाही.

जागेचा एक नियम मोडू नका: अपमान जिथे केला, माफी तिथेच मागायची. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाला नाही नाही ते लिहिलं असेल, तर आधी त्याला प्रत्यक्ष भेटा आणि नंतर त्याच ग्रुपवर, त्याच लोकांसमोर चूक कबूल करा. चारचौघांत मारलेला शब्द एकांतात परत घेता येत नाही. उलट, जे दोघांतच घडलं ते मोठेपणा दिसावा म्हणून चारचौघांत उकरू नका.

५. बोलायचं काय, आणि कोणत्या क्रमाने

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतले रॉय लेविकी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली माफीचे सहा भाग तपासले: खेद, कारण, जबाबदारी, पुन्हा न करण्याचा निश्चय, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. लोकांच्या लेखी सर्वांत वजनदार ठरली ती जबाबदारी, म्हणजे ‘चूक माझी’ हे सरळ म्हणणं. त्याखालोखाल भरपाई. सर्वांत हलकी ठरली क्षमेची विनंती. आपण नेमकं उलटं करतो. ‘माफ कर ना, प्लीज’ दहा वेळा म्हणतो आणि ‘मी केलं’ एकदाही नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: काय केलं, त्यामुळे तुमचं काय झालं, चूक माझी आहे, आता मी काय करणार आहे, माफ करा. आणि मग गप्प बसा. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं पुरतात. त्यापुढे बोलत राहिलात की तुम्ही स्वतःची समजूत काढायला लागता. कारण विचारलं तरच सांगा, आणि तेही एका वाक्यात.

शब्दांचं वजन ओळखा. ‘सॉरी’ धक्का लागल्यावर, चहा सांडल्यावर पुरतं. मोठ्या चुकीला ‘माझी चूक आहे, मला माफ करा’ असं पूर्ण वाक्य लागतं. ‘क्षमस्व’ आणि ‘दिलगिरी व्यक्त करतो’ हे पाटीवरचे आणि पत्रकातले शब्द आहेत. घरात बसून ते म्हटले की माणूस लांब गेल्यासारखा वाटतो. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत बोलून झाल्यावर वाकून नमस्कार करावासा वाटला तर जरूर करा, पण शब्दांऐवजी नको.

नेहमीचे खड्डे:

*‘असेल तर’.* ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी.’ यात चूक आपली न राहता त्यांच्या वाटण्याची होते. वाईट वाटलं आहे, म्हणून तर तुम्ही इथे आहात.

*‘पण’.* ‘पण’च्या आधीचं सगळं या एका शब्दाने पुसलं जातं. ‘माझी चूक झाली, पण तुम्हीसुद्धा...’ त्यांचीही चूक असेल. ती आज काढायची नाही.

*‘गैरसमज झाला’.* खरोखर गैरसमज होता का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. बहुतेक वेळा समज बरोबरच असतो.

*रडणं.* डोळ्यांत पाणी येणं साहजिक आहे. पण हुंदके सुरू झाले की दुखावलेल्या माणसालाच उठून तुम्हाला पाणी द्यावं लागतं. तसं होतंय असं वाटलं तर थांबा, श्वास घ्या, मग पुढे बोला.

लहान मुलांची माफीही याच क्रमाने मागायची. फक्त उकिडवं बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन. ‘मी तुझं चित्र न विचारता फेकून दिलं. ते तुला आवडत होतं. माझी चूक आहे.’ मुलं हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

६. भरपाई: तीन नेहमीचे प्रसंग

अ. खालच्या घरात गळती

आधी आपल्या बाथरूमला येणारं पाणी बंद करा, मग खाली जा. त्यांच्या घरात उभं राहून ओल स्वतः पाहा. वरूनच ‘पाठवतो प्लंबर’ म्हणणं आणि येऊन पाहणं यात फार फरक आहे. कारण बहुधा तीनपैकी एक असतं: टाइल्सच्या सांध्यांतलं भरण गेलेलं, नहाणी ट्रॅपचा (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचा) जोड सुटलेला, किंवा भिंतीतला पाइप गळत असलेला. पाणी न वापरतानाही ओल वाढत असेल तर पाइप, आंघोळीनंतरच वाढत असेल तर सांधे किंवा ट्रॅप, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

मोठी चूक होते ती घाईने रंग लावण्यात. ओल आत असताना रंग लावला की थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटतात, भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, दिसू लागतो आणि तुमची माफीही त्यासोबत सोलली जाते. आधी गळती बंद करा, मग प्लास्टर पूर्ण सुकू द्या. त्याला काही आठवडे लागतात, पावसाळ्यात जास्तच. तोवर दर आठवड्याला खाली जाऊन भिंतीला हात लावून या. जुलैत गळती झाली असेल तर स्पष्ट सांगा: ‘आत्ता रंग टिकणार नाही. दिवाळीआधी मी स्वतः माणूस लावून करून देतो.’ तारीख ठरवा आणि ती यायच्या आठ दिवस आधी तुम्हीच आठवण काढा. काकूंना विचारायची वेळ आणू नका.

आ. मावशींवर घेतलेला आळ

यावर जास्त बोलायला हवं, कारण शहरातल्या घरांत ही चूक घडते आणि तिची माफी बहुधा मागितलीच जात नाही. वस्तू सापडते, सगळे गप्प होतात आणि दुसऱ्या दिवशी ‘मावशी, चहा घ्या’ एवढ्यावर विषय संपवला जातो.

मावशी एकाच इमारतीत चार-पाच घरी काम करतात. तुमच्या घरातला संशय संध्याकाळपर्यंत वॉचमनकडे आणि उद्या सकाळपर्यंत बाकीच्या घरी पोचतो. म्हणजे नुकसान मनाचं आहेच, महिन्याच्या पगाराचंही आहे. माफी या दोन्हींची मागायची.

त्यांना उभं ठेवून बोलू नका. खुर्ची द्या, स्वतःही बसा. ‘तुम्ही’ म्हणा, एरवी ‘तू’ म्हणत असाल तरी. शब्द असे असू शकतात:

‘मावशी, मंगळवारी कानातलं सापडलं नाही म्हणून मी तुम्हाला पिशवी उघडून दाखवायला लावली, तेही वॉचमनकाकांसमोर. कानातलं माझ्याच कपाटात होतं. मी तुमच्यावर चोरीचा आळ घेतला. तुमची मान खाली गेली ती माझ्यामुळे. चूक माझी आहे, मला माफ करा. काकांना आणि ज्या ज्या घरी ही गोष्ट गेली आहे त्यांना मी आजच सांगणार आहे. तुम्ही सोबत यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.’

आणि मग खरंच जा. प्रत्येक दारात एकच वाक्य पुरतं: ‘वस्तू आमच्याच घरात होती, मावशींवर मी खोटा आळ घेतला.’ गेटवरच्या अ‍ॅपमध्ये त्यांचा प्रवेश बंद केला असेल तर माफी मागण्याच्या आधीच तो सुरू करा. मधल्या दिवसांत त्या आल्या नसतील तर ते खाडे धरू नका, पूर्ण पगार द्या. दुसऱ्या घरचं काम सुटलं असेल तर त्या घरी जाऊन बोला आणि ते परत मिळेपर्यंत त्यांचं जे उत्पन्न बुडतंय ते भरून देण्याची तयारी दाखवा.

काय करू नये: माफीच्याच वाक्यात पाचशेची नोट पुढे करू नका, ते तोंड बंद करण्यासारखं दिसतं. हक्काचे पैसे वेगळ्या वेळी, हिशोब सांगून द्या. वापरलेली साडी किंवा उरलेलं जेवण तर अजिबात नको. ‘तुम्ही आम्हाला घरच्यासारख्याच’ असंही म्हणू नका. घरच्या माणसाची पिशवी आपण तपासली नसती. त्यांनी काम सोडायचं ठरवलं तर त्याच दिवशी सगळा हिशोब चुकता करा आणि पुढे कुणी विचारलं तर त्यांच्याबद्दल चांगलंच सांगा.

इ. दुचाकीची धडक

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हेल्मेट काढा. चेहरा दिसला की समोरच्याचा आवाज बराच खाली येतो. पहिला प्रश्न ‘तुम्हाला लागलं का?’ हाच. आपल्या गाडीकडे त्यानंतर पाहायचं.

लागलं असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा, पोलिसांसाठी ११२. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कर्तव्यच आहे. दुखापत असताना ‘आपसांत मिटवू’ असं म्हणू नका. डोक्याचा मार काही तासांनंतरही दिसतो. नुसता आरसा किंवा इंडिकेटर फुटला असेल तर तिथेच नंबर द्या आणि त्यांच्या फोनवर मिस्ड कॉल द्या, म्हणजे नंबर खरा आहे हे त्यांना दिसतं. मेकॅनिकचं बिल आलं की त्याच दिवशी पैसे पाठवा आणि दोन दिवसांनी फोन करून विचारा की दुखणं वगैरे नाही ना.

आपण नुसते बघणारे असू तरी घाबरून निघून जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४अ नुसार, चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दावा किंवा खटला चालत नाही, आणि त्याला नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

७. नंतरची वाट पाहणं

माफी मागितली की ती मिळालीच पाहिजे, असं नाही. ‘मग, माफ केलंस ना?’ हा प्रश्न विचारू नका. दोन आठवडे थांबा. तेवढ्यात फक्त एक गोष्ट करा: कबूल केलेली भरपाई. त्यानंतर एकदा साधी विचारपूस. उत्तर आलं नाही तर तिथेच थांबा. ‘मला भेटू नकोस, फोन करू नकोस’ असं कुणी स्पष्ट सांगितलं असेल, तर माफीच्या निमित्तानेसुद्धा दारात जायचं नाही.

बोलणं पुन्हा सुरू करायला आपल्याकडे कॅलेंडरात जागा आहेत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तिळगूळ घेऊन कुणाच्याही दारात जाता येतं, दसऱ्याला आपट्याचं पान देता येतं. शेजारी जैन असतील तर संवत्सरीला, म्हणजे त्यांच्या क्षमा मागण्याच्या दिवशी, ते ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतील. त्याला मनापासून उत्तर द्या. मात्र ‘कळत-नकळत काही चुकलं असेल तर’ हा सगळ्यांना धाडलेला मेसेज नेमक्या चुकीच्या माफीची जागा घेत नाही. तिळगुळाआधी पाचवा टप्पा झालेला असायला हवा.

८. चूक नसतानाचा चांगुलपणा

माफीत जी सवय लागते, म्हणजे समोरच्याचं काय गेलं हे आधी पाहायचं, तीच इथेही उपयोगी पडते. आपल्याला काय द्यावंसं वाटतं ते बाजूला ठेवून त्याला काय हवंय ते विचारायचं.

शेजारी कुणी आजारी असेल तर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका; कुणी सांगत नाही. ‘उद्या रात्रीचा डबा मी देते, खिचडी चालेल का?’ असं विचारा. दोन माणसांना अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, पाच वाट्या पाणी, हळद, मीठ, थोडं जिरं. कुकरला चार शिट्ट्या. मिरची घालू नका, तूप वेगळ्या वाटीत द्या. मधुमेह, पथ्य आणि उपवास आधी विचारून घ्या. आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत आहे आणि आजारी घराला तिचं ओझं होतं. म्हणून देतानाच सांगा: ‘डबा रिकामाच द्या, उद्या मीच येऊन घेऊन जाईन.’ दवाखान्यात भेटायला गेलात तर दहा मिनिटं बसा आणि सोबत असलेल्या माणसाला विचारा की तुम्ही जेवलात का. पेशंटला सगळे विचारतात, त्याला कुणी विचारत नाही.

आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेत हे फार छान शिकायला मिळतं. बिस्किटांचे पुडे भरपूर वाटले जातात आणि नंतर रस्त्यावर पडतात. वारकऱ्यांना खरी गरज असते ती तुटलेली चप्पल शिवून मिळण्याची, पायाला तेल लावून चोळून देणाऱ्या हातांची, फोन चार्ज करायला एका सॉकेटची, आणि बायकांसाठी स्वच्छ बाथरूमची. त्या वाटेवर घर असेल तर दारावर ‘माउली, बाथरूम वापरता येईल’ एवढा कागद लावा आणि बादलीत पाणी भरून ठेवा.

९. कुणी आपल्याकडे माफी मागायला आलं तर

बसायला सांगा, पाणी द्या, मध्ये न बोलता ऐकून घ्या. ‘अहो, काहीच नाही त्यात’ असं म्हणू नका. त्या माणसाने दोन दिवस धीर गोळा केलेला असतो आणि आपल्यालाही ते काहीच नव्हतं असं नाही. राग गेला असेल तर ‘तुम्ही आलात, बरं वाटलं’ म्हणा. गेला नसेल तर तेही सांगता येतं: ‘ऐकलं मी. मला थोडा वेळ लागेल.’ भरपाईची तयारी दाखवली असेल तर संकोचाने नाकारू नका. भिंत रंगवून हवी असेल तर हो म्हणा, आणि रंगाचा शेड नंबर त्याच वेळी लिहून द्या.